ओढ्याकडची काकडी

प्रिय भारत,

काकडीचे वेल तोडले म्हणून तू सख्ख्या बहिणीवर केस करणार म्हणे. कर. आजच कर. पोलिसांना पंचनाम्याला बोलव, मी स्वतः दाखवते विळा कुठून कुठवर चालवला ते. मांडव मीच पाडला, तारा मीच तोडल्या, अन् तुझा पाठीवरचा फवारणीचा पंप दगडानं ठेचला तो बी मीच. त्यातलं उरलेलं औषध माझ्या हातावर उडालं, अजून कातडी सोलून निघतेय. पण केस करताना हे बी लिहून दे की तू मागून आलास अन् वखराचं लाकूड माझ्या पाठीत घातलंस. मी पडले तर वरून दुसरं खांद्यावर घातलंस. डावा हात वर होत नाय माझा. उजवा शाबूत ठेवलास ती तुझी चूक झाली, त्याच हातानं हे लिहिते.

तू सगळ्या पिशोरात सांगत फिरतोस की आक्काला याड लागलं, पोरीचं बाळ गेलं अन् डोकं फिरलं. माझं डोकं फिरलं नाय, आत्ता कुठं ठिकाणावर आलंय. फोन केला तर उचलत नाहीस. दाजींच्या फोनवरून केला तर माझा आवाज ऐकून कट करतोस. म्हणून कागद. मी तिसरी शिकलेली, काना मात्रा चुकंल, पण तू फेकून द्यायच्या आधी एकदा तरी वाचशील. लहानपणी माझ्या डब्यात काय हाय ते बघितल्याबिगर तुला झोप लागायची नाय.

सोनियाची तब्येत विचारायला तू एकदा बी फिरकला नाहीस म्हणून सांगते. जिवंत हाय. नळी काढली. बोलते, पण जिभेला जड हाय. हात थरथरतात, पेल्यातलं पाणी छातीवर सांडतं. पोरगं पोटातच गेलं ते तुला ठाऊक हाय. पोरगं होतं. मी बघितलं, तिला दाखवू दिलं नाय. त्या दिवशी तिला दवाखान्यात आणलं तवा तू नव्हतास, मी होते. रिक्षातनं उतरवलं तर तोंडातून फेस, डोळ्याच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, लुगड्यात मुतलेली, अन् सगळं अंग असं उडत होतं की चौघांनी धरलं तरी खाटंवर राहीना. तिची टाच लोखंडावर आपटून आपटून फुटली. मी तिच्या पायावर बसले, भारत. पोटुशा लेकीच्या पायावर आई बसली. डॉक्टर माझ्यावर ओरडला, फवारणीचं औषध हाय हे, कोणी पाजलं बोला. मी म्हणलं शेंद्र्याला भाड्याच्या खोलीत राहते पोरगी, जावई कंपनीत, वावर ना शिवार, औषध कुठून येणार. तो म्हणला ते पोलीस बघतील.

पोलिसांनी बघितलं. सोनियाच्या सासूच्या, मनकर्णाबाईच्या पत्र्याच्या पेटीत बाटली सापडली. झालं. म्हातारी अन् माझा जावई शिवम, मायलेक दोघं उचलले. ती बाटली कशाची ते तुला सांगायला पाहिजे का रं? आपल्या बी बापाच्या घरात होती तसली, खांबाला टांगलेली. दादा कापसाचं औषध पाण्यात कालवायचे अन् मेंढ्यांना चोळायचे, गोचीड मरतं म्हणून. जनावरांच्या डॉक्टरकडं जायला कुणाला येळ होता! एका वर्षी पाणी कमी पडलं अन् औषध दाट झालं, तर वाघरीच्या जाळीतल्या निम्म्या मेंढ्या पाय झाडत मेल्या. तू त्या ढिगावर पडून रडलास, मी तुला ओढून काढलं, अन् दादा दुसऱ्या दिवशी तेच हात घेऊन भाकरी खायला बसले. मरेपर्यंत त्यांचे हात कापत राहिले, आपण म्हणायचो म्हातारपण हाय. मनकर्णाबाई बी आपल्यातलीच, मेंढरामागं फिरलेली. शहरात आली तरी एक शेळी बाळगते अन् तिला गोचीड झालं की बाटली काढते. खेड्यात कुणी हे विचारत बी नाय. शहरातल्या फौजदाराला वाटलं सुनंला मारायला आणून ठेवली.

मला बी वाटलं. खोटं काहून बोलू? तुझं ऐकून वाटलं. तू दवाखान्यात आलास अन् व्हरांड्यात शिवमची कॉलर धरलीस. कामावरून तसाच पळत आलेला पोरगा, कंपनीचा शर्ट अंगावर, तुला मामा मामा करत होता अन् तू त्याचं डोकं भिंतीवर हाणत होतास. दात पडला त्याचा, फरशीवर टप्पकन वाजला. कानातून रक्त आलं, त्या कानानं अजून ऐकू येत नाय म्हणतात. माझी भाची मारली, माझी भाची मारली असं तू इतकं ओरडलास की सगळा वॉर्ड गोळा झाला. मग ठाण्यात जाऊन सांगितलंस की हा पोरीला छळायचा, तिनं मला फोनवर सांगितलं होतं. अन् मी तुझ्या मागं उभी राहून मान हलवत होते. मला वाटलं, बघा, भाऊ असावा तर असा. दादा गेल्यापासून कुणी माझ्यासाठी हात उचलला नव्हता.

आता काकडीचं बोलू. तू टाळतोस ना, मी बोलते. सोनियाला डोहाळे लागले होते काकडीचे. मीठ लावून काकडी, सकाळ संध्याकाळ तेच. शेंद्र्याच्या बाजारात मिळते तिला वास येतो म्हणायची. म्हणून मी मुद्दाम वैजापूरहून वाकडी वाट करून माहेरी पिशोरला आले. म्हणलं माझ्या भावाच्या वावरात काकडी असताना लेकीनं बाजारातली का खावी. तुझ्या बायकोनं, सुरेखानं चहा टाकला. तू पिशवी घेऊन वावरात गेलास, मी ओट्यावरून बघत होते. विहिरीजवळच्या वाफ्यापाशी तू थांबलास. तिथं बारक्या, वाकड्या, पिवळट काकड्या होत्या. मग पुढं चालत गेलास, ओढ्याकडच्या तुकड्याकडं. तिथून भरून आणलीस पिशवी. हिरव्यागार, सरळ, चकाकणाऱ्या, एकसारख्या. मला इतकं बरं वाटलं काय सांगू. म्हणलं भावानं बहिणीसाठी पायपीट करून चांगल्या बघून आणल्या. त्या पिशवीला मी वाटभर कुणाला हात लावू दिला नाय. सोनियाच्या हातात दिली अन् तशीच वैजापूरची गाडी गाठायला पळाले. शिवम ड्यूटीवर होता. मनकर्णाबाईच्या तोंडात पुढचा एक बी दात नाय, ती म्हणली सूनबाई तूच खा गं, मी काय काकडी चोखत बसू. हसल्या दोघी. पोरीनं उभ्या उभ्या खाल्ल्या, धुतल्या बी नसतील, अधीर झाली होती. मी स्टँडवर गाडीत टेकले नाय तर फोन, तशीच दवाखान्याच्या दारात पळाले.

शिवमला अन् म्हातारीला नेल्यावर मी सोनियाचे कपडे आणायला शेंद्र्याच्या खोलीवर गेले. मनकर्णाबाईची शेळी दावणीला ओरडून ओरडून बसली होती, कुणी चारा टाकला नव्हता. मला जे दिसलं ते मी तिच्यापुढं टाकलं. पिशवीत उरल्या होत्या त्या काकड्या. मी घड्या घालत होते तोवर बाहेर दावं ताणल्याचा आवाज आला. जाऊन बघते तर शेळी आडवी, तोंडाला फेस, चारी पाय असे झाडतेय जसे सोनियाचे. तसेच, भारत. डोळे तसेच. पत्र्यावर खूर आपटत होते अन् मला दवाखान्यातली खाट ऐकू येत होती. मी तिथंच मातीत बसले. शेळी माझ्या मांडीला लाथा मारत मेली.

मी तशीच ठाण्यात गेले. साहेबाला सांगितलं. साहेब म्हणला, मावशी, शेळीला गोचिडाचं औषध लावलेलं असंल, चाटलं असंल अंग. जावयाला वाचवायला बघता का, पोरीचा विचार करा. सोनियानं बी सांगितलं मला कुणी काय पाजलं नाय. तर म्हणतात सासरची भीती हाय तिला. म्हणजे बघ, ज्याला ऐकायचं नाय त्याला मेलेली शेळी बी काय सांगणार.

मग मी पिशोरला आले. विळा घेऊन नव्हते आले, विळा तुझ्याच गोठ्यातला. आले तर तुझी पोरं अंगणात बसून काकडी खात होती. बारकी, वाकडी, पिवळट. धाकटं उठून ओढ्याकडं पळालं तर सुरेखानं त्याच्या पाठीत असा धपाटा घातला की पोरगं तोंडावर पडलं. तिकडचं नाय खायचं किती येळा सांगितलं, ते बाजाराचं हाय, ती म्हणाली. मला बघितलं अन् तिचं तोंड पांढरं पडलं. मी विचारलं बाजाराचं म्हणजे काय गं. ती म्हणाली आक्का, सगळेच करतात. घरच्यासाठी एक वाफा, त्याला हात लावत नाय. बाजाराला पाठवायच्या त्याला सांजच्याला फवारा अन् सकाळी तोडा, त्याबिगर चकाकी येत नाय, व्यापारी घेत नाय. दोन तीन औषधं एकात कालवतात, ज्यानं त्यानं सांगितलेली. बाटलीवर लिहिलेलं असतं इतके दिवस थांबा, पण माल थांबतो का.

सगळेच करतात. म्हणजे ज्या बाया बाजारातनं पिशव्या भरून नेतात त्यांची पोरं पोरं नाहीत. बरं, तू तरी सुटलास का त्यातून? फवारून आलास की ओकतोस, डोळ्याला धारा लागतात, सुरेखा सांगत होती. तोंडाला फडकं बांध म्हणलं की गरम होतं म्हणतोस. तुमच्याच गल्लीतला सांडू वाऱ्याच्या तोंडाला फवारत होता अन् कापसातच पडला. त्याच्या मयतीला गेलास, तिसरा दिवस करून आलास अन् पाठीला पंप लावलास. तुला कुणाला मारायचं नव्हतं हे मला कळतं. पण मेलं ना रं पोरगं. मला काय सुचलं नाय, मी विळा उचलला अन् ओढ्याकडं गेले. कचाकचा तोडत गेले. वेल तुटला की पाणी येतं, मला ते रक्तासारखं वाटलं अन् हात थांबेना. मग तू लाकूड घेऊन आलास. तुझ्या डोळ्यात मी बघितलं. तुला पिकाचा राग नव्हता. तुला भीती होती.

ती भीती मी आधी बघितली होती, फक्त ओळखली नव्हती. आता ऐक, हे मी पोलिसांना, तुझ्या दाजींना, सोनियाला, कुणालाच सांगितलेलं नाय. दवाखान्यात तू आलास तवा पोरीकडं जायच्या आधी मला कोपऱ्यात घेतलंस अन् हळू आवाजात विचारलंस, आक्का, तिनं काकडी खाल्ली का? मी म्हणलं व्हय, लई आवडीनं खाल्ल्या. तू माझा हात सोडलास. अन् वळून सरळ शिवमकडं गेलास अन् त्याचं डोकं भिंतीवर हाणलंस. तुला तवाच कळलं होतं. डॉक्टरला तेवढंच सांगितलं असतंस, काकडीवर अमुक औषध हाय, तर त्याला चाचपडावं तरी लागलं नसतं. बाळाचं काय झालं असतं देव जाणे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी शिवमला अन् म्हातारीला परत कोर्टात उभं करणार हायत. माझी लेक विचारते, आई, मी घरी जाईन तवा घरात कोण असंल? म्हणून हा कागद. मला दोन गोष्टी पाहिजेत. एक, ठाण्यात येऊन तुझ्या तोंडानं सांग पिशवी कुठून भरलीस अन् वर काय फवारलं होतंस, अन् छळाचं सांगितलंस ते खोटं होतं. दुसरी फक्त मला सांग. विहिरीजवळ तू थांबला होतास. मग पुढं काहून गेलास? बहिणीला चांगली दिसणारी द्यावी म्हणून, का घरच्या वाफ्यातलं तुझ्या पोरांना पुरावं म्हणून? पहिलं असंल तर मी तुझ्यासोबत ठाण्यात उभी राहीन, तुझ्यावर पडंल ते अर्धं माझ्यावर घेईन. दुसरं असंल तरी सांग, मला ऐकायचंय. पोळ्याच्या आदल्या सांजेपर्यंत, खांदमळणीपर्यंत वाट बघते, बैलांच्या खांद्याला हळद लावायच्या आधी उत्तर पाहिजे. नाय आलं तर पोळ्याच्या सकाळी मी येते. ओढ्याकडचा एक वेल मी मुद्दाम सोडलाय, कडंचा, बांधाला चढलेला. त्याची काकडी तोडीन, मीठ लावीन, अन् सगळ्या गावापुढं तुझ्या हातात देईन. मग खाऊन दाखव.

तुझीच,
शालूआक्का