मार्चअखेरचा नारळ

प्रिय काका,

आज संध्याकाळी अमेयने माझ्या हातात नारळ ठेवला, म्हणून हे लिहायला बसले. "बाबा आता नाहीत, तर यंदा तुम्ही फोडा, ताई." मार्चअखेरच्या शेवटच्या गाडीपुढे तुम्हीच नारळ फोडायचात ना! वर्षाची विक्री पूर्ण झाली म्हणून अख्खी कंपनी गेटवर टाळ्या वाजवायची.

मी फोडला, खोबरं वाटलं. ड्रायव्हर बबनमामांना म्हटलं, "नाशिकच्या गिऱ्हाइकाकडे पोचलात की फोन करा."

मामा हसले. "नाशिक कुठलं, ताई? म्हाळुंग्याच्या गोडाऊनला जाती की गाडी. दर साली तिथंच हुबी ऱ्हाती. आठ-धा दिसांनी माल माघारी."

हातातलं खोबरं खाववेना.

अमेयला विचारलं, तर तो शांतपणे म्हणाला, "बाबाच असं करायचे. विक्री कमी दिसली की बँक हात आखडता घेते. मग पगार कुठून द्यायचे?" आणि उद्या ऑडिटरना माल गिऱ्हाइकाकडे गेला असं लिहून द्यायचं, त्यावर सही माझी! अकाउंट्स मी बघते ना.

काका, खरं काय धरू? एक पार्ट वाकडा निघाला म्हणून भरलेला टेम्पो गेटवरून परत फिरवणारे तुम्ही. लग्न होऊन लातूरहून थेरगावात आले आणि तुमच्याकडे नोकरीला लागले, तेव्हा मला धड कॉम्प्युटर येत नव्हता. समोर बसवून शिकवलंत. "बिलात लिहिलंय तेच घडलेलं पाहिजे," हेही तुमचंच. मग ही गाडी तेवढी का लपवलीत? आणि लपवली तरी कसं म्हणू? माझ्या डोळ्यांदेखत तर जायची!

राग येतो. लगेच आठवतं, मंदीतही तुम्ही एकालासुद्धा घरी बसवलं नाहीत. ते या गाडीच्या जिवावर होतं का? म्हणजे आमच्या ताटातही त्याच गाडीचा पैसा आला की हो! डोकंच चालत नाही.

खरं सांगितलं तर बँक काय करेल, ठाऊक नाही. अमेय पुन्हा ताई म्हणेल का, तेही नाही. पण सही माझ्याने होणार नाही. उद्या ऑडिटरना घेऊन मी म्हाळुंग्याला जाणार, गाडी दाखवायला.

तुम्ही असता तर मला गेटवर अडवलं असतंत, की सोबत आला असतात? खरंच कळत नाही, काका. पुढची सीट मात्र तुमच्यासाठी रिकामी ठेवेन.

तुमचीच,
सुनंदा