समासातला विक्की

सिंदेवाही
११ नोव्हेंबर

प्रिय रिना,

सप्रेम जयभीम. पाकीट जाड आहे म्हणून घाबरू नकोस, आत पुस्तकही आहे. आणि पुस्तक दिसलं की आधी शेवटची पानं चाळायची तुझी खोड मला माहीत आहे, तेव्हा ते बाजूला ठेव आणि पहिल्यांदा हे पत्र वाच. बसून वाच. विक्की दुकानात गेलेला असेल आणि आई झोपलेल्या असतील तेव्हा वाचलंस तर जास्त बरं.

मागच्या पत्रात तू लिहिलं होतंस, “तुझ्या घरापासून चौथ्या घरात आशाबाई राहतात, त्यांनी लेकीसाठी, दिव्यानीसाठी, माझ्या भावाला, आमच्या विक्कीला नकार का कळवला तेवढं शोधून काढ.” पाहण्याचा कार्यक्रम छान झाला होता, दिव्यानी दोनदा हसली होती, येताना विक्की गाडीत गाणं गुणगुणत होता, आणि दहा दिवसांनी नुसता निरोप आला की आमचं जमत नाही. कारण विचारलं तर फोन बंद. आता तो वरोऱ्याचं चांगलं चाललेलं ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान मोडून पुण्याकडच्या कंपनीत निघालाय, पंचवीस तारखेचं तिकीट काढून बसलाय, आईंचं जेवणावरून मन उडालंय, आणि तू हेमलकशाच्या पुढचं तुझं उपकेंद्र सोडून रजेवर माहेरी आली आहेस. हे वाचल्यावर मी तुला दोनदा फोन केला. पहिल्यांदा सोयाबीनचा भाव विचारून ठेवून दिला. दुसऱ्यांदा तू विचारलंस, अगं काही काम होतं का, तर मी म्हटलं, नाही गं, सहज. रिना, सहज नव्हतं. नकाराचं कारण मला तेव्हाच सापडलं होतं. ते आमच्याच घरात राहतं, सत्तरीचं आहे, आणि आत्ता अंगणात लाखोळीची डाळ पाखडत बसलंय.

पण सगळा दोष सासूबाईंवर ढकलून मी मोकळी होणार नाही. अर्धा दोष माझा आहे आणि थोडा तुझाही आहे, रागावू नकोस.

आठवतं ना, मागच्या डिसेंबरात आपल्या होस्टेलच्या मुली गडचिरोलीला जमल्या होत्या, तेव्हा कोणीतरी विचारलं की शेवटचं पुस्तक कधी वाचलं, आणि आपण दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. होस्टेलात ताटात पुस्तक ठेवून जेवणाऱ्या आपण! तिथंच पैज लागली. वर्षात बारा पुस्तकं, महिन्याला एक, दोघींत एकच प्रत. आधी तू वाचायचं, मग एसटीनं माझ्याकडे पाठवायचं. एकही पान गाळायचं नाही. वाचताना मनात येईल ते समासात लिहायचं आणि दुसरीनं तेही वाचायचं, म्हणजे शेजारी बसून वाचल्यासारखं होईल. आणि पुस्तक खरंच संपवलं याची शेवटच्या पानावर एका साक्षीदाराची सही घ्यायची. ही शेवटची अट तुझी. माझ्यावर तुझा इतका विश्वास!

तुझ्या साक्षीदाराचं मला ठाऊक आहे. तुमच्या उपकेंद्रातला मंगरू एका कप चहावर कशावरही सही करतो. माझ्या नशिबी मात्र आमच्या सासूबाई, बायनाबाई आल्या. जानेवारीत मी पहिलं पुस्तक संपवून त्यांच्यापुढे शाईचा पॅड धरला, तर त्यांनी हात पदराखाली घेतला. म्हणाल्या, “मले आयकवल्याबिगर मी अंगठा नाई देत. उद्या कोनी इचारलं, बाई, का लिवलं होतं त्याच्यात, तं मी का सांगू?” बोलायची सोय नव्हती. बचत गटाच्या बैठकीत दर महिन्याला मीच घसा फोडून सांगते, की वाचून घेतल्याशिवाय कागदावर अंगठा देऊ नका. मग काय, दुपारी अंगणवाडीतून आले की जेवण उरकायचं आणि पहिल्या पानापासून मोठ्यानं वाचायला बसायचं. ती डाळ निवडणार आणि मी घसा कोरडा करणार.

आणि नुसतं ऐकून घेईल ती आमची सासू कसली! नायिका आली की आधी तिचं माहेर कोणतं ते सांगायचं, मग सासर, मग शेती किती आणि धानाची की कापसाची. पुस्तकात कुठे असतं गं हे? पण सांगितल्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही. म्हणून मी आपली ठोकून द्यायला लागले. कोणाचं माहेर ब्रह्मपुरीला दिलं, कोणाला नागभीडला नांदवलं, एका पोस्टमास्तरला तर मूल गावच्या पोस्टात बदली देऊन टाकली. मला वाटलं, म्हातारीची करमणूक होते आहे. ती मात्र सगळं मनात नीट लिहून ठेवत होती. एकदा नागभीडला लग्नाला गेलो होतो, तर तिथं ती मला हळूच विचारते, “ती आपली मीनाक्षी दिसून नाई राह्यली?” मीनाक्षी चौथ्या पुस्तकातली. हसून हसून माझं पोट दुखलं. तेव्हाच शहाणी व्हायला पाहिजे होते.

मग सप्टेंबरात तुझी ती हिरव्या पुठ्ठ्याची कादंबरी आली. नायक पहिल्या प्रकरणात नऊ वाजेपर्यंत झोपतो, उठल्यावर अर्धा तास भांग पाडतो, आणि त्याच्यासमोर समासात तुझ्या गिचमिड अक्षरात लिहिलेलं: अगदी आमचा विक्की! नियम म्हणजे नियम, मी तेही मोठ्यानं वाचलं. सासूबाईंचा हात डाळीत थांबला. “हा विक्की मंजे तुह्या रिनाचा भाऊ ना?” मी म्हटलं, हो, तोच. रिना, तेवढंच म्हटलं मी. महिनाअखेर आली होती, दीडशे पानं बाकी होती, कुकरची दुसरी शिट्टी झाली होती. हो, तोच, आणि पुढे वाचत सुटले. पुढे तो नायक काय काय करतो ते तुला आठवत असेलच. बायको असताना दुसरं घर थाटतो, त्या घरात मुलगा होतो, बायकोची पितळी भांडी विकतो. आणि दुसरं घर कोणत्या गावाला, असं सासूबाईंनी विचारलं तेव्हा मी चंद्रपूर, म्हणजे त्यांचं चांदा, सांगून टाकलं. शेवटच्या प्रकरणाला त्या डोळ्याला पदर लावून रडल्या आणि अंगठा दिला. तुला मी किती कौतुकानं कळवलं होतं, आठवतं? सासूबाई रडल्या म्हणून! त्या विक्कीच्या बायकोसाठी रडत होत्या.

दसऱ्यानंतर तुमच्याकडून स्थळ आलं. आता आपल्याकडची रीत तुला सांगायला नको. बापे बैठकीत बोलतात, पण खरी चौकशी बाया करतात. आशाबाईंना माहीत, रिना म्हणजे रंजीताची जिवाची मैत्रीण. पाहण्याचा कार्यक्रम झाल्यावर त्या एका दुपारी आमच्याकडे आल्या. मी तेव्हा पोषण आहाराच्या प्रशिक्षणाला गेले होते. घरात बायनाबाई. त्यांनी आशाबाईंना आत घेतलं, दार लोटलं, पाणी दिलं आणि म्हणाल्या, “आशा, पोट्टीले पान्यात ढकलू नको. त्याची एक बायको हाये, अन् दुसरी चांद्याले. पोरगा बी हाये. मी माह्या मनचं नाई सांगून राह्यली, छापून आलं हाये. सूनबाईनं सोता वाचून दाखवलं.”  छापून आलं म्हटल्यावर माणूस दुसरं काय विचारणार? वर सासूबाईंनी त्यांना बाबासाहेबांच्या फोटोसमोर शपथ घालून ठेवली, की हे रंजीताला सांगायचं नाही. “तिची मैत्रीण हाये ते. तिले वाईट वाटन.” बघ, माझ्या मायेपोटी गप्प राहिली बिचारी. नाहीतर त्याच संध्याकाळी सगळा उलगडा झाला असता.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी दुपारी मी दहावं पुस्तक घेऊन बसले होते. चार पानं झाली असतील, सासूबाई म्हणाल्या, “ह्याच्यात नाई का त्या विक्कीच्या चांद्याच्या बायकोचं? मंग तिचं का झालं?” मी पुस्तक मिटलं. एकेक गोष्ट उकलून विचारली तेव्हा सगळं बाहेर आलं. मी त्यांना समजावलं, की पुस्तकातला माणूस खोटा असतो, लिहिणारा मनानं रचतो. त्या म्हणाल्या, “छापून आलं तं खोटं कसं असन?” मग मी मुकाट्यानं सांगितलं, की ब्रह्मपुरी, नागभीड, चंद्रपूर, हे सगळं मी घुसडलं होतं. पोस्टमास्तरची बदलीसुद्धा.  सासूबाई चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, “मंग मी एका चांगल्या पोट्ट्याचं वाटोळं केलं का वं?” मला रडू फुटलं. त्या रात्री दोघीही जेवलो नाही, आणि हेमराज बिचारा बायकोकडे आणि आईकडे आळीपाळीनं बघत एकटाच वरणभात खाऊन उठला.

सकाळी त्या मला न सांगता हातपंपावर गेल्या आणि भरल्या गर्दीत मोठ्यानं म्हणाल्या, “आयका वं बायाहो, मी सांगतलं ते खोटं होतं. त्या विक्कीले बायको नाई. एक बी नाई!” आता झालं असं, की पंपावरच्या निम्म्या बायांना पहिली बातमीच ठाऊक नव्हती. ती त्यांना तेव्हा कळली. दुपारपर्यंत वॉर्डात चर्चा, की वरोऱ्याच्या एका मुलाला बायका किती, याबद्दल बायनाबाईंचं नक्की ठरत नाही. मी आशाबाईंकडे धावले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाल्या, “तू मैत्रिणीसाठी बोलून राह्यली, बाई. तुह्या जागी मी असती तं मी बी बोलली असती.” शेवटी घरी येऊन पुस्तकच नेलं आणि त्यांच्यापुढे ठेवलं. म्हटलं, वाचून बघा, यात नायकाचं नावही वेगळं आहे. त्या म्हणाल्या, सातवी शिकले मी, हे एवढं केव्हा वाचू? तेव्हा इतका वेळ दाराशी उभ्या असलेल्या दिव्यानीनं पुस्तक उचललं आणि पिशवीत टाकलं. ती औषधाच्या दुकानात कामाला आहे, गिऱ्हाईक नसलं की वाचेन म्हणाली.

पुस्तक दिल्यावर घरी आले आणि मग मला आठवलं की तू त्यात आणखी काय काय लिहिलंयस! रिना, विक्कीवर तू सतरा ठिकाणी लिहिलं आहेस, मी नंतर मोजलं. तो पोळ्या करतो त्यांचे नकाशे होतात, पण पाहुणे आले की तोच लाटायला बसतो. रडायचं असलं की न्हाणीघरात नळ सोडून रडतो. अठ्ठ्याऐंशीव्या पानावर तर नागपूरच्या त्या मुलीसाठी त्यानं महिनाभर दाढी केली नव्हती हेही आहे. सख्ख्या भावाला असं उघडं करतं का कोणी? आठ दिवस मी त्या दुकानावरून जायची हिंमत केली नाही. डोकं दुखत होतं तरी गोळी आणली नाही.

काल संध्याकाळी दिव्यानी स्वतः घरी आली. तिनं आधी कादंबरी वाचली होती, मग पुन्हा पहिल्यापासून नुसता समास वाचला होता. सासूबाई उठून तिच्यापुढे हात जोडायला गेल्या, तर तिनं त्यांचे हात धरून खाली बसवलं. मग मला विचारलं, “ताई, रिनाताईनं हे सगळं खरं लिहिलं का?” मी म्हटलं, ती तोंडावर एखादे वेळी गोड बोलेल, पण समासात खोटं लिहीत नाही, माझ्याबद्दल काय लिहिलंय तेही वाचलंस ना? ती हसली. नागपूरच्या मुलीचं तिनं स्वतःच काढलं. “महिनाभरच?” एवढंच म्हणाली, आणि पुन्हा हसली.

तुझी माफी मला समोर येऊन मागायची आहे, आणि तू तोंड फिरवलंस तरी मी येणार आहे. पण हे पत्र त्यासाठी नाही, हेमराजला आज एवढ्यासाठीच मोटरसायकलवर वरोऱ्याला धाडलंय असंही नाही. त्याला धाडलंय ते पुस्तकासाठी, कारण दिव्यानीनं ते माझ्याजवळ परत दिलं, पण पंचवीस तारखेच्या आत विक्कीकडे पोचवायला सांगितलं. एकशे चाळीसावं पान उघड. तिथं तू लिहिलं आहेस, की आईच्या ऑपरेशनच्या वेळी विक्की दीड महिना दवाखान्याच्या व्हरांड्यात झोपला आणि आजवर कोणाला बोलून दाखवलं नाही. आता त्याला हाक मार, पुस्तक त्याच्या हातात दे आणि तू खोलीबाहेर जा. तुझ्या त्या ओळीखाली पेन्सिलीनं, बारीक अक्षरात तिनं लिहिलंय: मग आमच्या घरी अर्धा तास नुसतं ट्रॅक्टरच्या गिअरबद्दल काऊन बोलत होते? रविवारी एकटे या, आणि हे सांगा.

अजूनही तुझीच,
रंजीता