दारातल्या चपला

डायरेक्टरसाहेब,

मी दुसऱ्या पाळीला चाललेय. जेवण ओट्यावर झाकून ठेवलंय. भांडी तूच घासायचीस, तुझी टीम येणार नाहीये घासायला.

दुपारी बाजारातून आले, तर दारात आईच्या चपला. तुझ्या थ्रिलरचा पहिला शॉट म्हणे. उंबऱ्याशी बाईच्या चपला, आत फोन वाजतोय आणि उचलायला घरात कुणीच नाही. छान सुचलंय रे. पण कपाटातून त्या काढण्याआधी एका शब्दानं विचारलं असतंस, तर काय बिघडलं असतं? माझ्या दिल्या असत्या की! जिना चढताना त्या दिसल्या आणि मी खालूनच हाक मारली, "आई, आलीस?" तिला जाऊन इतके महिने झाले, तरी तोंडातून गेलंच.

मग असा संताप आला तुझा, की चपला उचलून पुन्हा कपाटात कोंबल्या. जागा हलू नये म्हणून तू त्यांच्याभोवती खडूनं आखलं होतंस, तेही पुसायला फडकं ओलं करून आणलं. तेवढ्यात बाबा बाहेर आले. "राहू दे," एवढंच म्हणाले. कपाटातून चपला काढल्या, गुडघे धरत खाली बसले आणि तुझ्या खुणेत एकेक नीट लावून ठेवली. तेव्हापासून समोर खुर्ची टाकून बसलेत. दारही लावू देत नाहीत.

आता उद्या काय ते शूटिंग कर. पण संपल्यावर त्या चपला तिथून उचलायच्या कुणी, ते तूच बघ. डायरेक्टर तू आहेस.

ताई