न वाचलेलं भाषण

ग्लेनारिक, स्कॉटलंड
२ नोव्हेंबर २००५

तीर्थरूप बाबांस,
सुरभीचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

पत्र पोचलं. त्यात माझीच विचारपूस, तुमच्याविषयी एक ओळ नाही.

मी ज्यांची शुश्रूषा करते ते लॉर्डसाहेब चौऱ्याऐंशी वर्षांचे. इथले डोंगर, तळं, अख्खं गाव त्यांच्या मालकीचं. वडिलांमागून आलेल्या खुर्चीवर एकतीस वर्षं लंडनच्या वरच्या सभागृहात बसले. सहा वर्षांपूर्वी सरकारनं अशा वारसाच्या खुर्च्या काढल्या. आता नव्या कायद्यानं गावकरी त्यांची जमीन विकत घेऊ पाहतात. दोन डिसेंबरला मतदान आहे. त्या कायद्याविरुद्ध साहेब गावोगाव बोलले, तेव्हापासून इकडे कोणी फिरकत नाही. चर्चमध्ये त्यांच्या बाकावर आम्ही दोघंच.

रोज ते मतदानाच्या सभेत वाचायचं भाषण सांगतात, मी लिहून घेते. तुमच्याबद्दल विचारत होते. बाजार समितीचे सभापती, एवढंच सांगितलं. निवडणूक हरलात ते नाही सांगितलं.

वेळेवर जेवत जा. लोभ आहेच, तो पत्रातही उतरू द्या.
तुमची सुरभी

नेर
१४ नोव्हेंबर

चि. सुरभीस अनेक आशीर्वाद.

लपवाचं काही कारण नोयतं. हरलो ते हरलो. सभेत मी लिहून नेलेलं भाषण वाचलं, का भाव येईल, कापूस आणा. लखीरामनं माह्या शब्दावर गाडी आणली. चार दिवस आवारात उभी राह्यली अन् भाव आणखी पडला. तीस वर्षांचा दोस्त, आता आपल्या घरासमोरून न जाता नाल्याकडून फिरून जाते. मी सकाळी ओट्यावर खुर्च्या मांडतो, संध्याकाळी उचलून ठेवतो. तुले कायले लिहू हे सारं.

साहेबाले सांग, भाषण वाचू नोका, लोकायचं ऐकून घ्या. मले उशिरा समजलं.

तब्येतीले जप.
तुझे बाबा, रामराव

ग्लेनारिक
४ डिसेंबर

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. नमस्कार.

तुमचं पत्र साहेबांना इंग्रजीत सांगितलं. त्यांनी दोनदा ऐकलं. म्हणाले, हा माणूस हरलाय, म्हणून खरं बोलतो.

मतदानाला ते हॉलमध्ये मागच्या ओळीत बसले. एकानं सांगितलं, भाडं वाढवून माझ्या बापाला घर सोडायला लावलं. एकीनं सांगितलं, वीस वर्षं पूल मागत होतो. साहेब मान खाली घालून ऐकत राहिले. जमीन घ्यायच्या बाजूनं एकसष्ट मतं, विरुद्ध चार. भाषण खिशातच राहिलं. शेवटी उठून त्यांनी एवढंच विचारलं, की तळ्याच्या वाटेनं मला फिरू द्याल का. मेंढ्या राखणारी एक बाई म्हणाली, वाट आता सगळ्यांची आहे, तुमचीही. मग सगळे चहाला गेले. आम्हाला कोणी बोलावलं नाही.

घरी आल्यावर त्यांनी विचारलं, लखीराम आला का. काय सांगू?

उत्तराची वाट पाहते.
सुरभी

नेर
१७ डिसेंबर

चि. सुरभीस आशीर्वाद.

लखीराम आला नाही. मीच गेलतो. तो अंगणात कापूस निवडत होता. बस म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. माह्यामुळं तुझं नुकसान झालं, असं मी म्हटलं. तो निवडतच राह्यला. मी खाली बसून निवडू लागलो. दुसऱ्या दिवशीही गेलतो, तिसऱ्याही. काल अंधार पडता पडता तो म्हणाला, डागी कापूस तिकडं टाकू नोको, वेगळा ठेव.

एवढंच बोलला. उद्या जाईन.

साहेबाले माहा नमस्कार.
तुझे बाबा