माझ्या न दिलेल्या मताबद्दल

मी, चतुराबाई रंगनाथ बोडखे, वय ७१, माजी आमदार, राहणार गारखेडा, औरंगाबाद, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कोणी सांगितले म्हणून मी लिहीत नाही. सांगणाऱ्यांचे ऐकण्याचे वय सरले.

१. गारखेड्याचे घर माझ्या स्वकष्टाचे आहे. ते पाचोडच्या महिला मंडळाला द्यावे आणि शहरात शिकायला येणाऱ्या मुलींनी तिथे राहावे. दारावर कोणत्याही पक्षाचा झेंडा लावू नये. अठरा वर्षे मी एका पक्षाच्या सभांना सतरंज्या अंथरल्या. तिकीट मात्र कारखान्याच्या अध्यक्षांच्या जावयाला गेले. मी अपक्ष उभी राहिले आणि निवडून आले.

२. पतीकडून आलेली पाचोडची पाच एकर जमीन विहिरीसह ग्रामपंचायतीला द्यावी, गावाच्या पिण्याच्या पाण्यासाठी. याचे कारण लिहिणे भाग आहे.

सरकार माझ्या जुन्या पक्षाचे होते आणि ते पाचोडची पाणी योजना रद्द करायला निघाले होते. मी आठवडी बाजारात उभी राहून शब्द दिला की या सरकारच्या विरोधात मत देईन. पुढे अविश्वास ठराव आला. दोन्ही बाजू अगदी बरोबरीच्या. जुन्या पक्षाचे लोक आमदार निवासात येऊन म्हणाले, "ताई, घरी परत या." मी म्हटले, "बाजाराला शब्द दिलाय."

मतदान दुपारी चारला होते. त्या दिवशी पहाटे माझा धाकटा भाऊ बन्सी जीप घेऊन मुंबईत आला. रडत होता.

"अक्का, मायचं काय खरं नाय. सारखं तुझं नाव घेती."

माझ्या एका मताची किंमत मला ठाऊक होती. तरी मी जीपमध्ये बसले. तेवढा दोष माझा.

नऊ तासांनी खुलताबादला पोहोचले, तर माय, आवडाबाई, उंबऱ्यात तूर निवडीत बसलेली. "आं? अचानक कशी आलीस गं?" म्हणाली. मी मागे वळले तोवर बन्सी जीप घेऊन निघून गेला होता. त्याची बायको दगडाबाई जवळ आली. "वन्सं, तुम्हाला फसवलं. मला समदं ठावं होतं, पण सांगू कुणाला?"

संध्याकाळी रेडिओवर ऐकले. मते समसमान पडली आणि विधानसभा अध्यक्षांच्या निर्णायक मताने सरकार तरले. महिन्याभरात बन्सी एका महामंडळाचा अध्यक्ष झाला. योजना रद्द झाली. पुढची नऊ वर्षे पाचोडच्या बायका दोन कोसांवरून पाणी आणीत होत्या. माझ्या दाराला लोकांनी शेण फासले. मी ते धुतले आणि गप्प राहिले. मायने माझे मनगट धरून सांगितले होते, "म्या जिती हाय तवर भावाला उघडा पाडू नको." माय आणखी एकवीस वर्षे जगली. गेल्या दिवाळीनंतर गेली. आता मी मोकळी आहे.

३. खुलताबादच्या माहेरच्या घरातला माझा हिस्सा दगडाबाईच्या एकटीच्या नावे करावा. त्या घरात खरे बोलणारी तीच.

४. बन्सीला काही नाही. त्याने माझ्या तिरडीला खांदा देऊ नये. शोकसभेत तो बोलायला उभा राहिलाच, तर वरचे दुसरे कलम तिथल्या तिथे मोठ्याने वाचावे.

५. पाचोडचे गयास पटेल यांनी माझा प्रचार सायकलवर गावोगाव फिरून केला. त्या दिवसानंतर मला पाहिले की ते रस्ता ओलांडून पलीकडे जात. मी त्यांना दोष देत नाही. साक्षीदाराला काही देऊ नये, असे वकील सांगतात. म्हणून मी गयासभाईंना काही देत नाही, साक्षीला मात्र बोलावते. साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असा कायदा नाही. त्यांनी वाचावा, एवढी विनंती.

वरील सर्व मी पूर्ण शुद्धीत लिहून साक्षीदारांसमोर सही केली.

ठिकाण : औरंगाबाद
दिनांक : ९ फेब्रुवारी २०११

(सही) चतुराबाई रंगनाथ बोडखे

साक्षीदार :
१. (सही) वच्छलाबाई म्हस्के, शेजारीण, गारखेडा
२. (सही) गयास पटेल, पाचोड

(सहीखाली, त्यांच्याच अक्षरात) दोनदा वाचलं. बावीस वर्षांत मी बाईंना एकदाही विचारलं नाही.