हिरव्या चादरी आणि खळग्याची वाटणी

मी, खाली सही करणारी, पाणीखात्यातून निवृत्त झालेली बाई, या घराची मालकीण आणि दोन हट्टी मुलांची आई, पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्या धाकाने किंवा गोडीगुलाबीने नव्हे तर स्वतःच्या मर्जीने हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. त्यांनी मला आजचा वार विचारला. मी वार सांगितला, आणि त्यांच्या दवाखान्याच्या मोरीचं पाणी कुठे जाऊन मिळतं तेही सांगू लागले. दाखला त्यांनी घाईघाईने दिला.

कलम पहिले. स्वकष्टार्जित घर व मागचा खळगा.

घर टेकडीच्या अगदी माथ्यावर आहे. छपराच्या पुढच्या उतारावर पडलेला पाऊस पुढच्या खोऱ्यातल्या नदीला मिळतो, मागच्या उतारावरचा मागच्या. दोन्ही नद्या वेगवेगळ्या समुद्रांना जातात. मुलगी पुढच्या खोऱ्यात झऱ्याच्या पाण्यावर लाँड्री चालवते. तिच्या धाकट्या भावाचं ट्रकचं आवार मागच्या उताराच्या पायथ्याशी आहे. गेली काही वर्षं ही दोघं एकमेकांना पाण्यात पाहतात. कारण घरामागचा खळगा. त्यात साचलेलं पाणी, गवत, चिखल आणि बेडूक याखेरीज काही नाही.

ह्यांनी जाण्यापूर्वी तोंडी वाटणी केली होती: पुढची बाजू मुलीला, मागची मुलाला. मुलाला खळगा बुजवून तिथे शेड घालायची आहे. मुलगी म्हणाली, "बुजवू नकोस रे, माझा झरा आटेल." तो म्हणाला, "ताई, खळगा माझा, उतार माझा. तुझा झरा डोंगराच्या पलीकडे. तुझा संबंधच काय?"

संबंध आहे की नाही हे पाहायला मी खळग्यात हिरवा रंग ओतला. नोकरीत माझं कामच ते होतं. डोंगरावर रंग ओतायचा आणि तो कोणत्या झऱ्यातून बाहेर पडतो ते खाली बसून बघायचं. खात्यात मला 'हिरवीबाई' म्हणत. रंग निरुपद्रवी असतो, पण दिसतो झकास. नकाशाप्रमाणे तो मागच्या खोऱ्यात निघायला हवा होता, म्हणून मी तिथल्या घरोघरी आगाऊ सांगून आले. पुढच्या खोऱ्यात कोणालाच सांगितलं नाही. थोड्याच दिवसांत मुलीच्या लाँड्रीतून एका हॉटेलच्या सगळ्या पांढऱ्या चादरी पोपटी होऊन बाहेर पडल्या.

जमिनीवरचं पाणी उताराचं ऐकतं. जमिनीखालचं पाणी खडकातल्या फटींचं ऐकतं, आणि आमच्या खळग्याखालच्या फटी पुढच्या बाजूला उतरतात. मला इतका आनंद झाला की मी फोनवर टाळ्या वाजवल्या. मुलीने पुढचं काही न ऐकता फोन आपटला. तिला वाटलं, भावानेच मुद्दाम केलं. भावाला वाटलं, तिनेच चादरी रंगवून हे रचलं. हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात, पण या दोघांना काकणच दिसेना.

सबब ह्यांची वाटणी रद्द. खळगा मुलीला. खळग्याच्या तोंडाशी बांधात जी लाकडी फळी आहे, जी उचलली की साचलेलं पाणी मुलाच्या आवाराकडे जातं, ती मुलाला. फळी पार उचलली तर खळगा रिकामा होऊन ताईचा झरा आटेल. मोठ्या पावसात ती उचललीच नाही तर बांध फुटून ट्रक तरंगतील. खळगा बुजवला तर पाण्याला थांबायला जागाच नाही, मग तर तरंगतीलच. म्हणून फळी किती उचलायची, ते दोघांनी स्वतःच्या तोंडाने बोलून ठरवायचं. निरोप, मेसेज आणि वकील चालणार नाहीत. घर दोघांचं. मधे भिंत घालायची नाही. नाक दाबलं की तोंड उघडतं.

कलम दुसरे. शेजारी राहणारे धाकटे दीर.

यांनी आपल्या छपराची पन्हळ माझ्या अंगणात सोडली आहे, आणि त्यावरून मी आयुष्यभर त्यांच्याशी भांडले. वास्तविक त्याच पाण्याने आमचा खळगा भरतो. पण मी त्यांना ताकास तूर लागू दिली नाही. 'फार उपयोग होतो हो' म्हटलं असतं तर त्यांनी दुसऱ्या दिवशी पन्हळ फिरवली असती. आता ती तिथेच राहावी, अशी विनंती. सोबत माझी मोठी छत्री त्यांना द्यावी.

कलम तिसरे. बँकेतली शिल्लक.

निम्मी निम्मी. वाद घालण्याएवढी नाही.

कलम चौथे. अवजारे व इतर.

गमबूट प्लंबरला, त्याच्या पायाला होतात. पोपटी चादरींपैकी एक खात्यातल्या साहेबांना द्यावी. नकाशा दुरुस्त करा म्हटल्यावर ते म्हणाले होते, "बाई, नकाशा छापून झालाय." चादर त्यांनी नकाशाशेजारी टांगावी. रंगाचा उरलेला डबा नातीच्या हाती लागू देऊ नये. ती माझ्यावर गेली आहे.

कलम पाचवे.

मला मरणाची भीती वाटत नाही. माझ्या पश्चात ही दोघं रस्त्यात समोरासमोर येतील आणि ओळख न दाखवता निघून जातील, याची वाटते. फार वाटते.

पुरवणी.

वरील मजकूर साक्षीदारांना वाचून दाखवत असताना मुलगा दारात येऊन उभा राहिला होता. फळीपर्यंत ऐकून तो लालबुंद झाला आणि त्याने तिथल्या तिथे फोन लावला. "ताई, इथे आईचं मृत्युपत्र वाचतायत..."

पुढचं ऐकण्याआधीच, मी गेले असं समजून मुलगी पलीकडे रडू लागली. तो म्हणाला, "अगं, नाही गं! रडू नकोस. आई ठणठणीत आहे, समोर बसून चहा पितेय. ताई, ऐक तरी. तू गाडी काढू नकोस, असं रडत रडत कुठे चालवतेस?" मग म्हणाला, "थांब तू. मीच येतो घ्यायला."

तो गेला. मृत्युपत्रात काही बदल करायचा का, असं साक्षीदारांनी विचारलं. बदल नाही. आज बोलली म्हणून पावसात बोलतीलच, असा भरवसा मी देत नाही. डोळ्यांत पाणी असल्याने सही जरा वाकडी आली आहे, ती माझीच समजावी.

सही: घरमालकीण
साक्षीदार: डॉक्टर (घाईत)
साक्षीदार: शेजारची शिंपीणबाई (प्लंबरला गमबूट मिळणार असल्याने त्याला साक्षीदार होता आलं नाही, तो रुसला आहे)
स्थळ: स्वयंपाकघराचं टेबल
दिनांक: चौदा मार्च, दोघं येऊन पोहोचण्याआधी