शेवटच्या गाण्यातलं ट्रम्पेट

पुणे, १२ जानेवारी १९७४

प्रिय गेनू,

वर्ष उलटून गेल्यावर लिहितोय. फाडण्याआधी एकदा पुरतं वाच.

भोरला रामभाऊंच्या लग्नाच्या बँडमध्ये आपण एकाच दिवशी लागलो. तुझ्याकडे ट्रम्पेट, माझ्याकडे सॅक्सोफोन. वेल्ह्याच्या एका वरातीत नवरदेवाची घोडी अडून बसली, तेव्हा ठरलेलं गाणं सोडून तू मनानेच काहीतरी वाजवायला लागलास. रामभाऊ ओरडले, "गेन्या, ह्ये कुठलं गानं?" तू म्हणालास, "ठाऊक न्हाई, आत्ताच आलं." पुढे पुण्यात कॅम्पातल्या हॉटेलात मी मनाला येईल तसं जॅझ वाजवणारे ऐकले, तेव्हा कळलं, तू त्या वरातीत तेच करत होतास.

म्हणून तर आमच्या रॉक बँडची पहिली रेकॉर्ड ठरल्यावर मी तुला गावाकडून, पासलीहून, बोलावून घेतलं. भातलावणी अर्धी टाकून आलास. मुंबईच्या स्टुडिओत गिटारवाला रॉनी आणि ड्रमवाला फिरोझ तुझ्या सदऱ्या-पायजम्याकडे बघून हसले. मीही हसलो, हे तुझ्या लक्षात आलं असेल. मग शेवटचं गाणं तू एका दमात वाजवलंस, आणि काचेमागचा रेकॉर्डिंगवाला उठून उभा राहिला. रॉनीने सिगारेट विझवली.

त्या दिवाळीत रेकॉर्ड निघाली. कव्हरावर चौघांचीच नावं. तू पत्र टाकून विचारलंस. मी कळवलं, कंपनीची चूक झाली. ते खोटं होतं. कंपनीतल्या बाईंनी नावांचा कागद माझ्यापुढेच ठेवला होता. त्या कव्हरावर मीसुद्धा सोनबा नाही, 'सनी' आहे. तुझं नाव लिहिलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं, हा कुठला, तुमची ओळख कशी, आणि मी वरातीत वाजवणारा सोनबा, हे सगळं बाहेर आलं असतं. बाई म्हणाल्या, "ट्रम्पेट कोणाचं?" मी म्हणालो, "असाच एक भाड्याने आणलेला."

रेकॉर्ड फारशी खपली नाही. बँडही मोडला, रॉनी परदेशी गेला, मी एका ऑफिसात टायपिंग करतो. एका वर्तमानपत्रात चार ओळी आल्या होत्या. शेवटचं गाणं ऐका, ट्रम्पेट कुणाचं ते मात्र कळत नाही, असं त्यात होतं. ते कात्रण मी तुला पाठवलं नाही.

परवा स्वारगेटला तुझी आई भेटली. फुलामावशी म्हणाल्या, "गेनूनं बाजा फडक्यात बांधून ठिवला बाबा. लग्नातबी जात न्हाई. म्हनतो, माजं वाजवनं त्यांना पटलं न्हाई, म्हनून नाव गाळलं." भोरची एसटी लागेपर्यंत मी त्यांच्याशेजारी बसून होतो. त्यांनी पिशवीतले दोन पेरूही दिले. माझ्या तोंडून खरं निघालं नाही.

म्हणून हे पत्र. माफ कर असं मी म्हणत नाही. तुझं वाजवणं तिथे सगळ्यांना पटलं होतं, गेनू. नाव मी गाळलं, माझ्या हाताने, लाजेपायी. वाजवायचं की नाही ते तू ठरव. पण माझ्या खोट्यावर विसंबून ठरवू नकोस.

तुझाच,
सोनबा